चतुर्थीचे डबे

माझ्या पोरानं माझ्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढलं. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. खिळा तसाच भिंतीत ठेवला आणि कॅलेंडर गुंडाळून माळ्यावर फेकलं. गॅसची टाकी कधी लावली, दूधवाल्यानं खाडा कधी केला, स्वयंपाकाला येणाऱ्या पुतळाबाईला सुट्टी कधी हवी, चतुर्थीला चंद्र किती वाजता उगवतो, सगळं त्या कॅलेंडरवर. आणि हा हात झटकत म्हणतो, "आई, आता सिस्टीम प्युअर झाली."

मी म्हटलं, "भिंतीचा पोपडा निघालाय तेवढा बघ. तो पन प्युअर कर."

मी सोजरबाई. शाळेत चौथीपर्यंत गेले, त्यातही निम्मे दिवस मास्तरणीचं पोर सांभाळण्यात गेले. पण कारेगावच्या माळावर कंपन्यांचे पत्रे चढायला लागले, तेव्हा तिथल्या फिटरांना पहिली भाकरी कोणी घातली ते गावात कोणालाही विचारा. माझा दीर सोडून सगळे माझं नाव सांगतील. आज माझी खानावळ आहे, टेम्पो आहे, आणि आमच्याकडं जिला नुसतं 'मोठी कंपनी' म्हणतात, तिच्या सेकंड शिफ्टचे डबे माझ्याकडं आहेत. ही कंपनी हातातून गेली तर बाकीच्या टपरीएवढ्या कंपन्यांवर माझी चूल चालायची नाही. हे माझ्या पोराला, पृथ्वीराजला, माहीत होतं. माहीत असून त्यानं जे केलं ते सांगते.

रांजणगावचा गणपती आमच्या उशाला. त्यामुळं मोठ्या कंपनीतली निम्मी शिफ्ट संकष्टी धरते. बिहारकडची पोरं इथं आली, खोल्या घेऊन राहिली, तीही धरायला लागली. सेकंड शिफ्टवाल्यांचं चतुर्थीला वेगळंच असतं. चहाच्या सुट्टीत साबुदाण्याची खिचडी, आणि चंद्र उगवला की मोदकासकट पूर्ण जेवण. म्हणजे एका माणसाचे दोन डबे, दोन तऱ्हेचे. जेवणाची सुट्टी त्या दिवशी कंपनी आमच्या चिठ्ठीवरच्या वेळेप्रमाणं देते. मशीन मनात आलं की बंद करता येत नाही, आधी ठरवावं लागतं. चिठ्ठीवर जी वेळ, ती सुट्टी.

पूर्वी हे सगळं फोनवर चालायचं. मग कंपनीनं सांगितलं, फोन बंद, वेबसाइट पाहिजे. कँटीनचे सतीशसाहेब तिथं बसून आकडे भरणार, इथं आमच्या प्रिंटरमधून चिठ्ठ्या निघणार आणि त्या क्रेटवर चिकटणार. पृथ्वीराज तेव्हा पुण्यात नोकरीला. वेबसाइट केली माझ्या सुनेनं, अनुपमानं. ती दौंडची, बाप रेल्वेत गार्ड. बीएस्सी कॉम्प्युटर. बघायला गेलो तेव्हा पोह्यांच्या बशीबरोबर पाण्याचे तांबे तिनं न सांगता आणले, तेव्हाच मी पसंत केली.

तिचं लिहिणं कसं होतं, ते मी शेजारी बसून ऐकलंय. वरून खाली वाचत यायचं. आज वार कोणता? पाळी कोणती? उपवास आहे का? असेल तर कोणता? चतुर्थी असेल आणि पाळी सेकंड असेल तर दोन चिठ्ठ्या काढ, आणि कॅलेंडरवर बघून अनुपमानं भरलेली चंद्राची वेळ दुसरीवर छाप. हे झालं की ते, ते झालं की पुढचं. इंग्रजी मला येत नाही, पण ती वाचून दाखवायची तेव्हा मला माझ्याच सकाळचा पाढा ऐकल्यासारखं वाटायचं.

त्यात खोट नव्हती असं नाही. नवीन कंपनी आली की तिला अख्खी पट्टी पुन्हा उतरवून काढावी लागायची. एकदा एका कंपनीचा गुरुवारचा भात बंद केला, तर कारेगावच्या सगळ्याच कंपन्यांचा बंद झाला, कारण भाताचा आकडा सगळीकडं एकच होता. मी तिला बोलले. भरपूर बोलले. तिनं मान खाली घालून ऐकलं, आणि संध्याकाळच्या आत दुरुस्त केलं. माझ्या लेखी एवढं पुरे.

मग पृथ्वीराज पुण्याची नोकरी सोडून आला. साहेबाला त्याचं म्हणणं कळत नव्हतं म्हणे. मला पस्तीस वर्षांत कळलं नाही, त्या साहेबाला दोन वर्षांत कुठून कळणार? आल्या आल्या बायकोचं काम उघडून बसला आणि हसायला लागला.

"काय झालं रं?"

"आई, हे स्पॅगेटी आहे."

"म्हंजी?"

"म्हणजे शेवया. एकात एक गुंतलेल्या. पीएचपी भाषेत हजारभर ओळी एका फायलीत! असं कोणी लिहीत नाही आता."

अनुपमा परातीत पीठ चाळत होती. तिचा हात थांबला नाही, पण चाळणी जोरात वाजायला लागली.

मी म्हटलं, "त्या शेवयांवर तुझ्या बापाचं वर्षश्राद्धाचं जेवण झालं, आन् तुझी मोटरसायकल आली. शेवया म्हन, न्हायतर आनखी काय म्हन. डबे येळंवर जात्यात का न्हाई ते बोल."

पण त्याला बोलायचं होतं ते वेगळंच. पुण्याहून येताना लोक बाकरवडी आणतात, हा पंथ घेऊन आला होता. ऑब्जेक्ट ओरिएंटेड. सगळी जेवणं झाल्यावर ताटं गोळा करायची सोडून मला शिकवायला बसला. "आई, डबा ही एक वस्तू समज. तिचं जे काही आहे ते तिच्या पोटात. भात किती, पोळ्या किती, बाहेरच्यानं हात घालायचा नाही. डबा हा बाप. त्याची मुलं म्हणजे साधा डबा, उपवासाचा डबा, नॉनव्हेजचा डबा. बापाकडं जे आहे ते मुलाला आपोआप मिळतं. परत लिहायला नको."

"आपोआप?"

"आपोआप."

"तुला मिळालं म्हनून वाटतंय तसं," मी म्हटलं. "पुतळाबाईच्या पोराला इचार काय आपोआप मिळतं ते."

तरी बोलण्यात अर्थ होता, मी नाही म्हणत नाही. भाताचा घोटाळा पुन्हा झाला नाही. नवीन कंपनी आली की अनुपमा सांगायची, "आत्याबाई, आता चार ओळीत होतं." त्याला तोंडावर सांगायची नाही, मला सांगायची. तो नवरा आहे, त्याला चांगलं म्हटलं की दोन दिवस अंघोळीला जात नाही, स्क्रीनसमोर बसून राहतो.

पण बापाचं सगळं मुलाला जातं, तेव्हा काय काय जातं हे बघायला नको? आमच्या प्रत्येक डब्यात कांदा-लसणाची चटणी असते. ती बापाच्या पोटात लिहिलेली. उपवासाचा डबा हा त्याचाच मुलगा. एकादशीला सतीशसाहेबांनी मेनू उघडला, छापला आणि गेटजवळच्या बोर्डावर लावला. साबुदाणा खिचडी, दाण्याची आमटी, कांदा-लसूण चटणी.

डब्यात ती गेली नाही. पुतळाबाईनं चिठ्ठी वाचून कपाळावर हात मारला आणि चटणीची बरणी उचलून फडताळात ठेवली. पण बोर्ड सगळ्या कंपनीनं वाचला. हसून हसून लोकांनी शिफ्ट काढली. सतीशसाहेब स्वतः मोटरसायकलवर आले. गणपतीचे कडक, गंधाशिवाय घराबाहेर पडत नाहीत. चहा घेतला नाही. म्हणाले, "सोजरबाई, तुमच्या हाताला नाव ठेवणार नाही मी. पण उपासतापासात पुन्हा गडबड झाली तर वरचे लोक माझं ऐकणार नाहीत. शिक्रापूरचा कॉन्ट्रॅक्टर रोज फोन करतो."

ते गेल्यावर अनुपमानं चुकीची जागा शोधली. उपवासाच्या डब्याला सांगितलं की बापाची चटणी तू घ्यायची नाही. झालं. पण पृथ्वीराजला ते लागलं. दुरुस्ती बायकोनं केली हे लागलं, की बापानं दगा दिला हे लागलं, देव जाणे. पुन्हा पुण्याला गेला. मित्राकडं राहिला. आला तो नवीन पंथ घेऊन.

"आई, वारसा हीच चूक होती. फंक्शनल पाहिजे."

मी भाकरी थापत होते. "सांग बाबा. भाकरी करपंस्तोवर येळ हाय तुला."

"हे बघ. फंक्शन म्हणजे गिरणी समज. एका बाजूनं ज्वारी टाक, दुसरीकडनं पीठ. तीच ज्वारी टाकली की तेच पीठ. गिरणीनं कोणाच्या घरात डोकवायचं नाही, कोणाचं काही बदलायचं नाही, मनात काही ठेवायचं नाही. जे आत दिलं त्यावरच उत्तर, म्हणून ती प्युअर. मग चूक होणारच नाही."

"आन् गिरनीवाला?"

"कोण गिरणीवाला?"

"जो ज्वारी बघून गिरनीचा दगड घट्ट करतो तो."

त्याला राग आला. माझा मुद्दा गिरणीचा नाही म्हणाला. मुद्दा त्याचा कधीच कशाचा नसतो.

इनामगावला साहेब लोक मातीतून फुटकी गाडगी काढतात आणि काचेत नेऊन ठेवतात. माझ्या घरात उलटी रीत. धड हंडा घ्यायचा, फोडायचा, पुरायचा, आणि त्यावर उभं राहून नवीन हंड्याचं भाषण ठोकायचं. अनुपमाचं पुरलं, मग स्वतःचं पुरलं. आता तिसरं. लोडशेडिंग असलं तरी इन्व्हर्टरवर बसायचा आणि आम्ही पंख्यावाचून पोळ्या लाटायचो.

अनुपमानं एवढंच विचारलं होतं, "अहो, चंद्राची वेळ कुठून घेणार? ती दर महिन्याला बदलते. ती बाहेरूनच येणार."

"बाहेरून काही घ्यायचं नाही, तोच तर नियम आहे," तो म्हणाला. "चतुर्थी दिली की वेळ मिळेल. तू काळजी करू नकोस."

पहिल्या चतुर्थीला सगळं बरोबर झालं. वेळ बरोबर, कारण ती तेव्हा अजून अनुपमानंच कॅलेंडर बघून भरली होती, चिठ्ठ्या बरोबर, मोदक गरम पोचले. नवनाथ, आमचा टेम्पोवाला, रिकामे डबे वाजवत आला. पृथ्वीराज गावभर छाती काढून फिरला, आणि दुसऱ्या दिवशी माझं कॅलेंडर काढलं. बाहेरचं काही नको ना! अनुपमाची वेळ भरायची जागाही स्क्रीनवरून गेली.

पुढच्या चतुर्थीला अनुपमाच्या बापाचा निवृत्तीचा समारंभ आला. दौंडला रेल्वेच्या हॉलमध्ये. विहिणीनं मानानं बोलावलं, न जाऊन चालणार नव्हतं. न्हावऱ्यावरून गेलो आम्ही सासू-सुना. निघताना अनुपमा नवऱ्याला म्हणाली, "वेळ एकदा ताडून बघा." मी पुतळाबाईला म्हटलं, "मोदकाच्या उकडीला पानी मोजून घाल."

पृथ्वीराज दोघींना म्हणाला, "जा तुम्ही. हे आता माणसांवर अवलंबून नाही."

समारंभात विहीणबाईंनी मला बनारसी साडी दिली आणि माझ्या पोराचं कौतुक केलं, इंजिनीअर जावई म्हणून. मीही मान हलवली. चारचौघांत पोराची लाज काढत नाही मी, ती घरी काढते.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आलो. नवनाथ टेम्पोतून क्रेट उतरवत होता. मी दारातूनच ऐकलं. रिकामा डबा क्रेटमध्ये खडखडतो. हे क्रेट ठप्प आवाज करून जमिनीवर बसत होते.

"काय रं नवनाथ?"

नवनाथनं माझ्याकडं बघितलं नाही. "मावशी, न्हाई जेवली पोरं."

मी झाकण काढलं. भात, वरण, भाजी, वर मोदक. सगळं तसंच, रात्रभर घामेजलेलं. मोदकांची कळी बसली होती. पुतळाबाई उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. सगळी संध्याकाळ तिनं वळले होते ते.

नवनाथ हळूहळू सांगत गेला. चिठ्ठीवरच्या वेळेला टेम्पो गेला. त्या वेळेला कंपनीनं मशीन बंद केल्या, सुट्टीची घंटा दिली. पोरं हात धुऊन पंगतीत बसली आणि चंद्राचा पत्ता नाही. आभाळात ढग होते, म्हणून एक सुपरवायझर म्हणाला, असेल ढगामागं, जेवा. पण ज्याच्या त्याच्या खोलीवर कॅलेंडर आहे. सगळ्यांना ठाऊक होतं, अजून तासभर अवकाश आहे. डबे उघडून समोर ठेवले, वास घेतला आणि बसून राहिली. सुट्टी संपली. झाकणं लावून पुन्हा मशीनवर गेली. चंद्र उगवला तेव्हा हात ग्रीसमध्ये होते. मशीन दुसऱ्यांदा बंद करत नाहीत. शिफ्ट सुटेपर्यंत खिचडीवर काढली सगळ्यांनी. सतीशसाहेबांचाही उपास होता. तेही तसेच राहिले.

"आन् तू फोन करून इचारलं न्हाईस?"

"केला ना. पृथ्वीराजदादा म्हणले, कॉम्प्युटर बरोबर हाय, चंद्र बघत बसू नगा."

अनुपमा कॉम्प्युटरपाशी गेली होती. पृथ्वीराज तिथंच खुर्चीत, दाढी वाढलेली, मागल्या महिन्याची चिठ्ठी आणि कालची चिठ्ठी शेजारी शेजारी धरून. दोन्हींवर वेळ एकच.

"कसं झालं हे?" मी विचारलं.

अनुपमानंच सांगितलं, आणि सांगताना त्याची बाजू राखून सांगितलं, ही तिची खोड. "आत्याबाई, यांचा नियम चुकीचा नाही. तेच दिलं तर तेच मिळतं. पण यांनी आत तारीख दिलीच नाही, नुसतं 'चतुर्थी' दिलं. पुन्हा पटकन देता यावं म्हणून मागच्या महिन्याचं उत्तर आत जपून ठेवलं होतं. या महिन्यात पुन्हा चतुर्थी म्हटलं, कॉम्प्युटरनं तेच काढून दिलं. तारीख दिली असती आणि वेळ आम्ही भरून दिली असती, तर हेच बरोबर चाललं असतं. माझ्यापेक्षा चांगलं चाललं असतं."

"ऐकलंस?" पृथ्वीराज एकदम उठला. "ऐकलंस आई? पद्धत बरोबर होती! इनपुट अपुरं होतं फक्त. मी आता एक नवीन..."

तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली. सतीशसाहेब. कपाळावर गंध, डोळे तारवटलेले. दारातल्या भरल्या क्रेटकडं बघितलं आणि आत आले. मी खुर्ची पुढं केली, बसले नाहीत.

"सोजरबाई, मी मागं बोललो होतो."

"बोलला होता, साहेब."

"पोरं उपाशी राहिली. एक जण मशीनवर चक्कर येऊन बसला. वर कळलंय. शिक्रापूरवाल्याला उद्या बोलवायचं म्हणतात." त्यांनी पुन्हा क्रेटकडं बघितलं. "सकाळपासून पोरंच माझ्याकडं आली. म्हणाली, मावशीचा मोदक बंद करू नका. म्हणून पुढची चतुर्थी तुमची. ती नीट गेली तर डबे राहतील. पण मला वर एक नाव सांगावं लागेल. चिठ्ठीची जबाबदारी कोणाची? कॉम्प्युटर, सिस्टीम असलं काही नको, माणूस सांगा."

पृथ्वीराज पुढं झाला. "साहेब, मी सांगतो, टेक्निकली काय झालं..."

"तुला न्हाई इचारलं," मी म्हटलं.

तो मागं सरला. अनुपमा दाराच्या चौकटीला धरून उभी. तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं, तिला वाटत होतं मी पोराचंच नाव घेणार. इंजिनीअर आहे, मुलगा आहे, पाटीवर त्याच्या बापाचं नाव आहे. नवनाथनंही क्रेट खाली ठेवला.

मी सतीशसाहेबांना म्हटलं, "लिहा, अनुपमा. आडनाव आमचंच."

"आई!" पृथ्वीराजचा आवाज चिरकला. "तिच्या त्या शेवया परत आणणार तू?"

"ती काय आननार ते ती ठरवंल. तुझं बाप-लेकाचं डब्यांचं चांगलं हाय म्हनती, ती ठेवंल. तुझी गिरनी बेरजेला चांगली हाय म्हनती, ती बी ठेवंल. चतुर्थीला तिची वरून खाली पट्टी. तिला कशाचीबी लाज न्हाई. लाज तुला हाय. कालचं ते आज वापरायची लाज, बायकोचं वापरायची लाज, भिंतीवर बघायची लाज."

"मी चांगलंच लिहिलं होतं," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "तूच म्हणालीस भात नीट झाला म्हणून."

"झाला. मी खोटं बोलत न्हाई."

माळ्यावरचं कॅलेंडर मी नवनाथला काढायला लावलं. धूळ झटकली आणि पृथ्वीराजच्या हातात दिलं. त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं, जसं काही परक्याचं पोर दिलंय. सतीशसाहेब बघत होते, पुतळाबाई बघत होती, मला कोणाची पर्वा नव्हती.

"ऐक आता," मी म्हटलं. "तू तीन तऱ्हेनं लिहिलंस, आन् तिन्ही तऱ्हेत जेवनारा मानूस कुटंच न्हाई. हुशार हायस. कामाचा न्हाईस. ते त्या खिळ्याला लाव आधी. आजपासनं कॉम्प्युटर अनुपमाचा. तुला कायबी बदलायचं आसंल तर तिला इचारायचं, आन् ती न्हाई म्हनली की न्हाई. पुढल्या चतुर्थीला तू नवनाथशेजारी टेम्पोत बसायचं, पोरांच्या पंगतीत डबे वाढायचे, आन् त्या दिवशी उपास तूबी धरायचा. चंद्र दिसंस्तोवर तुला ह्या घरात घास मिळनार न्हाई."